सहज सापडलेली शीर

मला माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात. बाजारात कुणी समोर येऊन "ओळखलं का सर?" म्हणालं की माझी नजर आधी त्याच्या कोपराच्या खळग्याकडे जाते. मग मी म्हणतो, "ओळखलं ना. तुमची शीर डाव्या हाताला मिळत नाही, उजव्याला जरा बाहेरच्या बाजूला मिळते." माणूस खूश होतो आणि शेजारी उभी असलेली माझी बायको मान फिरवते. तीस वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून नोकरी केल्यावर ही खोड लागते. ती नोकरीच्या शेवटी शेवटी मला चांगलीच भोवली.

माझी नोकरी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत झाली. ज्या दवाखान्यातली ही गोष्ट आहे त्याचं नाव लिहीत नाही, कारण यातली चूक माझी आहे, इमारतीची नाही. तिथे लोक मला "रक्तवाले भाऊ" म्हणायचे. रक्त काढणं हे आमच्या कामातलं सगळ्यात लहान काम. खरं काम त्यानंतर सुरू होतं, पण ते बंद दारामागे चालतं, म्हणून लोकांना सुई तेवढी दिसते. आणि खोटं कशाला बोलू, मलाही गर्व होता तो सुईचाच. ज्याची शीर कुणालाच सापडत नाही असा पेशंट वॉर्डातून माझ्याकडे पाठवायचे. मी शर्टाच्या बाह्या वर करून असा पुढे व्हायचो की जणू लग्नातला मानकरीच.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे हिपॅटायटिस सी नावाच्या काविळीचे उपचार सुरू झाले. हा विषाणू यकृतात घर करून बसतो आणि वर्षानुवर्षं आवाज करत नाही. अशुद्ध सुईतून, न तपासलेल्या रक्तातून तो येतो. कळेपर्यंत कधीकधी यकृत पार कडक झालेलं असतं आणि पोटात पाणी साचू लागलेलं असतं. पूर्वी यावर महागडी इंजेक्शनं होती, माणूस त्यांनीच अर्धा व्हायचा. आता बारा आठवडे रोज एक गोळी घेतली की बहुतेकांचा विषाणू जातो, तीही सरकारी दवाखान्यात फुकट. माझ्या हयातीत एवढी मोठी सुधारणा मी दुसरी पाहिली नाही.

पण ज्यांच्या पोटात पाणी झालंय त्यांना गोळीच्या जोडीला एक कॅप्सूल द्यावी लागते, रिबाविरिन नावाची. ती गोळीचं बळ वाढवते आणि त्याचबरोबर माणसाचं रक्त मोडते. रक्त मोडते म्हणजे काय, ते सांगतो. तांबड्या पेशीइतकी सरळमार्गी वस्तू मी शरीरात दुसरी पाहिली नाही. प्राणवायू जास्तीत जास्त वाहून नेता यावा म्हणून ती जन्मताना स्वतःचं केंद्रकसुद्धा टाकून देते. चार महिने नुसती वाहतूक करते आणि मग थकून मोडीत निघते. रिबाविरिन या पेशीत शिरतं आणि तिथे त्याचं रूप असं बदलतं की ते बाहेर पडू शकत नाही. इतर पेशींकडे ते परत सोडवण्याची हत्यारं असतात. तांबडीनं ती जवळ ठेवलेलीच नसतात. औषध साचत जातं, पेशीची ताकद संपते आणि प्लीहा तिला मुदतीच्या आधीच बाजूला काढते. नवीन पेशी तयार होण्याआधी जुन्या जातात, म्हणून हिमोग्लोबिन घसरतं. आणि म्हणून अशा पेशंटचं रक्त दर दोन आठवड्यांनी माझ्याकडे यायचं.

हे लोकांना समजावताना माझी दमछाक व्हायची. आखाडा बाळापूरचे एक निवृत्त मास्तर होते. रक्त कमी झालं म्हटल्यावर त्यांनी स्वतःच बीट खायला सुरुवात केली. सकाळी बीट, संध्याकाळी बीट. आठ दिवसांनी लघवी लाल झाली म्हणून घाबरेघुबरे होऊन एसटीनं आले. मी म्हटलं, "गुरुजी, हे बीट आहे. तुमच्या शरीरात लोखंड कमी नाही, पेशी लवकर मोडताहेत. त्याला बीट काय करणार?" मास्तरांनी वर्गात न शिकणाऱ्या पोराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या वेळी माझ्यासाठीही दोन बीट आणले.

जमनाबाई आली ती याच दिवसांत. नावं मी बदलली आहेत. जवळा बाजारच्या पुढे एक तांडा आहे, तिथली ही पन्नाशीजवळची बाई. जुन्या चालीचा पेहराव, आरसे लावलेली कांचोळी, कोपराच्या वर पांढऱ्या बांगड्यांची गच्च रांग आणि हनुवटीपर्यंत ओढलेली ओढणी. पुरुषमाणसासमोर ओढणी वर व्हायची नाही. मला त्याचं काही नव्हतं. मला हात लागतो.

आणि हात मोठा वाईट होता. बांगड्यांच्या मधे रबरी पट्टा बांधायला जागा शोधायची आणि मग शीर चाचपायची. शीर लागायची, पण सुई टेकवली की बाजूला सरकायची. पहिल्या दिवशी मी दोनदा चुकलो. ओढणीच्या आतून आवाज आला, "हळू हळू कर भाऊ. शीर बी लमाणाची हाय, एका जागी थांबत न्हाई." मला हसू आलं आणि तिसऱ्यांदा शीर सापडली. हिमोग्लोबिन बारा पॉइंट एक. पोटात पाणी झालेल्या बाईच्या मानानं चांगलंच.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला रोज एक गोळी आणि पाच कॅप्सूल लिहून दिल्या, सकाळी दोन, संध्याकाळी तीन. मॅडम वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण पेशंटशी बोलताना खुर्ची पुढे ओढून बसायच्या. दोन आठवड्यांनी जमनाबाईचं हिमोग्लोबिन दहा पॉइंट चारवर आलं. मॅडम तिला म्हणाल्या, "हे होणारच होतं. दहाच्या खाली गेलं तर कॅप्सूल कमी करू. फारच खाली गेलं तर बंद करावी लागेल." जमनाबाईनं मान हलवली.

चौथ्या आठवड्यात मी रांगेतलं नाव पुकारलं, "जमनाबाई?"

"व्हय," म्हणून ओढणी ओढलेली बाई पुढे आली, केसपेपर टेबलावर ठेवला आणि या वेळी डावा हात पुढे केला. बांगड्या त्याच. मी पट्टा बांधला आणि शीर अशी वर आली की सुई टेकवताच नळीत रक्त. एका झटक्यात! मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, हात अजून गेला नाही. डाव्या हाताची शीर सरळ असेल, आपल्याला आधी सुचलं नाही, एवढं म्हणून आलेली शंका स्वतःच मिटवली. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट चार आलं. वाढलं म्हणजे शरीर नवीन पेशी जोरात करतंय, असा माझा हिशोब. रिपोर्टवर मी जरा ऐटीतच सही केली.

सहाव्या आठवड्यातही तसंच. डावा हात, एका झटक्यात रक्त, अकरा पॉइंट तीन.

त्या दिवशी दुपारी मॅडमचा निरोप आला, म्हणून मी वर गेलो. त्यांची ओपीडी पहिल्या मजल्यावर, बावीस पायऱ्यांचा जिना.

"तुमचं मशीन एकदा तपासता का?" मॅडम म्हणाल्या. "रिपोर्ट उत्तम आहे आणि बाई नवव्या पायरीवर खाली बसली. डोळ्यांच्या आत पांढरं पडलंय. असं कसं होईल?"

माझ्या मशीनवर कुणी बोट ठेवलेलं मला सहन होत नसे. "मशीन बरोबर आहे मॅडम. सकाळीच कंट्रोलचा नमुना लावून आकडे ताडून बघितलेत. बाई म्हातारपणाकडे झुकलीय, जिन्याला बसली असेल."

"मग तसं कागदावर दाखवा," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी तरातरा खाली आलो आणि दाखवायलाच म्हणून तिचे चारही रिपोर्ट टेबलावर ओळीनं मांडले. हिमोग्लोबिनच्या खाली पाच-सहा आकडे असतात, ते कुणी वाचत नाही. त्यात एक असतो तांबड्या पेशीचा सरासरी आकार. पहिल्या रिपोर्टवर त्र्याण्णव. दुसऱ्यावर चौऱ्याण्णव. तिसऱ्यावर चौऱ्याहत्तर. चौथ्यावर चौऱ्याहत्तर.

मी ते आकडे बोट ठेवून पुन्हा वाचले. हिमोग्लोबिन दोन आठवड्यांत वर-खाली होईल, पण पेशींचा आकार असा एकदम बदलत नाही. शरीरातल्या जुन्या पेशी संपायलाच महिने लागतात. मोठ्या पेशींचं रक्त एका बाईचं होतं आणि लहान पेशींचं दुसऱ्या बाईचं. मशीन बरोबर होतं, डॉक्टरही बरोबर होत्या. चुकला होता तो मी, ज्याला म्हणे हात लक्षात राहतात. उजव्या हाताला सरकणारी शीर डाव्या हाताला इतकी सरळ कशी, हे नव्या शिकाऊ माणसालाही खटकलं असतं. मला खटकलं नाही, कारण मी स्वतःवर खूश होतो. त्या माझ्या खुशीपोटी ती बाई पांढरी पडत असताना दोन आठवडे पाचच्या पाच कॅप्सूल गिळत होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली तांड्याच्या जीपची वाट बघत दोन बायका बसल्या होत्या. दोघींच्या ओढण्या सारख्या, बांगड्या सारख्या. एक भिंतीला टेकून तोंडानं श्वास घेत होती. दुसरी तिला वारा घालत होती.

"जमनाबाई कोण?" मी विचारलं. नोकरीत पहिल्यांदाच हा प्रश्न असा विचारला असेल.

मग वारा घालणारी म्हणाली, "ही जमना. मी धुरपता, हिची जाऊ."

"मग माझ्याकडे हात कुणी दिला?"

"म्या."

माझा आवाज चढला. "खोटं नाव सांगून रक्त देता? माणूस मेला असता म्हणजे?"

"म्या कुटं नाव सांगितलं?" धुरपताबाईही काही कमी नव्हती. "नाव तूच घेतलं. म्या नुसतं व्हय म्हनले."

तिचं बरोबर होतं. रक्त घेताना पेशंटला नाव वाचून दाखवायचं नसतं, त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं असतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. रांग लांब असली की तो मी कधीच सोडून दिला होता.

जमनाबाई धापा टाकत बोलू लागली. "तिला काहून बोलतो भाऊ? म्याच धाडलं तिला. माझ्या भावाला हीच कावीळ होती. मोठ्या शहराला न्हेलं होतं, सुया अन् हीच लाल कॅप्सूल. रक्त उतरलं, म्हून डाक्टरनं समदं बंद केलं. घरी आला. दोन वर्सांत रक्ताच्या उलट्या होऊन गेला." ती थांबली. श्वास घेतला. "ही डाक्टरबाई म्हनली, रक्त उतरलं तर बंद. म्हून म्या म्हनले, उतरूच द्यायचं न्हाई. माझं उतरलं तर हिचं देऊ. बारा हप्ते काढायचे. कसे बी काढायचे."

मी रागावून आलो होतो, आणि समोर एक बाई आपलं रक्त मोडत असताना गुपचूप मोडू देत बसली होती, केवळ औषध सुटू नये म्हणून. घरी पाणी तिची जाऊ भरत होती, कारण घागर उचलवत नव्हती. आणि या दोघींचं वर्षभर तांड्यावरच्या हापशाच्या नंबरावरून भांडण चालू होतं, हे मला नंतर कळलं. मी धुरपताबाईला तसं विचारलंही. ती म्हणाली, "भांडन हाय की. आजबी हाय. त्येचा अन् रक्ताचा काय संबंध?"

मी दोघींना आत घेऊन गेलो. जमनाबाईचा उजवा हात घेतला, शीर सरकली, दुसऱ्या टोचण्यात मिळाली, आणि त्या सरकण्याचा मला उगाच आनंद झाला. आठ पॉइंट सात. साडेआठच्या खाली गेलं असतं तर कॅप्सूल खरंच बंद करावी लागली असती.

मग मी दोघींचं थोडं थोडं रक्त बारीक काचेच्या नळ्यांत भरून यंत्रात फिरवलं. फिरवलं की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पाणी उरतं. धुरपताबाईच्या नळीत तांबडं तिसऱ्या हिश्शाच्याही वर होतं. जमनाबाईच्या नळीत जेमतेम पाव, आणि वरचं पाणी पिवळंजर्द. दोघी ओढणी जराशी वर करून नळ्यांकडे बघत राहिल्या.

"मॅडम औषध बंद करणार नाहीत," मी म्हटलं. "विषाणू मारणारी मुख्य गोळी आहे ती चालूच राहणार. ती रक्त मोडत नाही. रक्त मोडते ती कॅप्सूल. ती पेशीत शिरते, पण बाहेर निघू शकत नाही, साचत जाते. म्हणून पाचच्या तीन करायच्या. तुमच्या भावाच्या वेळी ही गोळी नव्हती बाई. असती तर..."

जमनाबाई नळीकडेच बघत होती. म्हणाली, "म्हंजे बैलावर वझं टाकून राहिले, अन् उतरवायला कुनी न्हाई."

"बरोबर," मी म्हटलं.

"आमचे जुने लोक बैलावर मीठ लादून मुलूख फिरायचे. बैल बसला तर गोनी कमी करायचे. तांडा न्हाई थांबवायचे." ती धुरपताबाईकडे वळली. "ऐकलं का? गोनी कमी करायची. चालायचं बराबर."

इतकी वर्षं मी केंद्रक, प्लीहा, हाडातला मगज असलं काय काय सांगत होतो. या बाईनं सगळं दोन वाक्यांत आटपलं. मी ते मॅडमना सांगितलं, माझी चूकही सांगितली, लेखी दिली. मॅडमनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "तुम्ही स्वतः शोधलीत म्हणून ठीक. नसती शोधली तर?" एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बैलाची गोष्ट मात्र त्या पुढे प्रत्येक पेशंटला सांगू लागल्या. तपासणीत धुरपताबाईच्या रक्तात हा विषाणू नव्हता. तिच्या लहान पेशी तिच्या स्वतःच्याच लोहाच्या कमतरतेच्या निघाल्या आणि तिलाही गोळ्या सुरू झाल्या.

पुढचे सहा आठवडे सोपे नव्हते. आठव्या आठवड्याला आठ पॉइंट नऊ, दहाव्याला नऊ पॉइंट तीन. जमनाबाईनं एक दिवस नागा केला नाही. सोयाबीन काढणीच्या गर्दीत जीप मिळेना तेव्हा दोघी पहाटेच्या दुधाच्या गाडीतून आल्या. दर वेळी मी विचारायचो, "नाव सांगा," आणि ती आपलं, नवऱ्याचं आणि तांड्याचं नाव शाळेतल्या हजेरीसारखं ठणठणीत सांगायची. बारा हप्ते पुरे झाले त्या दिवशी रिकामी डबी तिनं माझ्या टेबलावर ठेवली.

पण विषाणू खरोखर गेला की नाही हे लगेच कळत नाही. औषध संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून रक्त पाठवावं लागतं. त्या दिवशी दोघी आल्या. मी नाव विचारण्याआधीच जमनाबाईनं ओढणी कपाळापर्यंत मागे सारली. रापलेला, बारीक सुरकुत्यांचा चेहरा, कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका. अर्ध्या वर्षात मी तो पहिल्यांदा नीट बघत होतो.

"आदी तोंड बघून घे भाऊ," ती म्हणाली, "मंग हात."

मी बघितलं. मग हात घेतला. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत कुणाच्याही हाताला मी आधी तोंड बघितल्याशिवाय पट्टा बांधला नाही.

रिपोर्ट मोठ्या प्रयोगशाळेतून यायला आठ दिवस लागले. तो न्यायला दोघी आल्या तेव्हा मी उभा राहून वाचला. विषाणू आढळला नाही. यकृत कडक झालंय ते राहणार, दर सहा महिन्यांनी दाखवायला यावंच लागणार, हेही सांगितलं. जमनाबाईनं ते सगळं ऐकून घेतलं. भावाचं नाव एकदाच, हळूच घेतलं आणि ओढणीनं डोळे पुसले. माझ्याही चष्म्यावर धुकं आलं, लपवत नाही.

मग तिनं विचारलं, "अन् रक्त किती हाय?"

"अकरा पॉइंट आठ."

"अन् हिचं किती होतं, हिनं दिलं तवा?"

"अकरा पॉइंट चार."

जमनाबाईनं कागद माझ्या हातातून घेतला आणि जावेच्या तोंडासमोर धरला. दोघींनाही अक्षर वाचता येत नव्हतं. "बघ. तुझ्याऊन ज्यादा."

धुरपताबाईनं कागदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मंग उद्यापासून तुझं पानी तूच भर," ती म्हणाली.

कागद मॅडमना दाखवायला दोघी भांडतच वर निघाल्या. मी दारात येऊन उभा राहिलो आणि पायऱ्या मोजत राहिलो. नववी गेली, पंधरावी गेली. बाविसावी आली तरी जमनाबाई कुठे बसली नव्हती.